वेळाअमावास्येचं आवतण

राघोबानं फोनवरून साऱ्या जगाला जेवायला बोलावलं होतं, आणि आता खरंच कोण कोण उगवतंय या धास्तीनं घरातल्या कुणाच्या घशाखाली सकाळचा चहासुद्धा नीट उतरला नव्हता. एकटा राघोबा मजेत होता. नवं धोतर नेसून, फेटा बांधून तो मंठाळच्या शिवारातल्या आपल्या शेतात उजाडायलाच हजर झाला होता. पूजेसाठीची कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, त्यानं यंदा दरवर्षीपेक्षा ऐसपैस उभी केली होती, आत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडले होते, आणि आंबिलीची एक बिंदगी, म्हणजे घागर, जास्तीची आणायला लावली होती. पाहुणे वाढतील, असं त्याचं म्हणणं.

वेळाअमावास्येला या भागातली गावं ओस पडतात. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात जेवतो, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या. बांधावरून जाणारा ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारून बसवायचं आणि पाला-दाणे शिजवून केलेली भज्जी आणि ताकातली आंबील वाढायची, हा त्या दिवसाचा रिवाज. राघोबानं तोच रिवाज फोनवर पाळला आणि घरच्यांनी घर डोक्यावर घेतलं.

घोळ सुरू झाला होता तो सुनेच्या, विजयश्रीच्या हौसेतून. ती बीदरमध्ये वाढलेली, शिकलेली, आणि नणंदेवर, अंबिकेवर, मनापासून जीव असलेली बाई. अंबिकेच्या हातच्या भज्जीला तोड नाही हे तिला माहीत होतं. ते सगळ्यांना कळावं असं तिला वाटलं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिनं चुलीपुढं बसलेल्या अंबिकेचा व्हिडिओ काढला. अंबिका हिरवी साडी नेसली होती आणि हरभऱ्याचा पाला, तुरीचे कोवळे दाणे, वाल, भुईमूग असं एकेक हातात धरून दाखवत सांगत होती.

अंबिकेचा वरचा ओठ आणि टाळू जन्मतः फाटलेले. ती मोठी झाल्यावर कुठल्याशा शिबिरातल्या डॉक्टरांनी ते शिवले, चेहरा सावरला, पण बोलणं नाकातून येत राहिलं. त्यामुळं ती परक्यासमोर तोंडच उघडायची नाही. तिला बोलतं करायला तिच्या आईचं, वच्छलाबाईचं, अर्धं आयुष्य गेलं. भाऊ हरिओमनं बसवकल्याणला बियाण्याचं दुकान टाकलं तेव्हा तिला मुद्दाम गल्ल्यावर बसवलं. शेतकऱ्यांना चार दिवसांत तिच्या बोलण्याची सवय झाली आणि मग तीच भाव करू लागली, उधारीवाल्याला दटावू लागली, हसू लागली.

व्हिडिओ आठवडाभर नीट चालला. मग कुणीतरी त्यातला तुकडा कापून घेतला. मग कुणीतरी बोटानं स्वतःचा ओठ वर ओढून अंबिकेसारखं 'भज्जी' म्हणून दाखवलं, आणि ते पाहून आणखी कितीतरी जणांनी तसंच केलं. तिच्या चेहऱ्यावर, लग्न न होण्यावर, आवाजावर लोकांनी काय काय लिहिलं ते इथं पुन्हा लिहायची गरज नाही. अंबिकेनं ते सगळं वाचलं. आणि ती बोलायची थांबली.

रागानं नाही, रुसून नाही. कामं करत होती, जेवत होती, विचारलं तर मान हलवत होती. फक्त तोंडातून शब्द येत नव्हता. दुकानातही जाईनाशी झाली.

अशा वेळी घरातला प्रत्येक जण आपल्याला जमेल ते करतो. विजयश्रीनं व्हिडिओ काढून टाकला आणि आपणच हिला उघड्यावर आणलं म्हणून रडत राहिली. हरिओमनं बीदरला जाऊन पोलिसांत तक्रार दिली; तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं, धीर दिला. घरी येऊन त्यानं बहिणीचा फोन कपाटात घातला आणि पाव्हणे आले की तिला आतल्या खोलीत बसायला सांगू लागला. वच्छलाबाईनं दृष्ट काढली. आणि राघोबानं शेजारच्या पोराकडून फोनमध्ये बोललेलं आपोआप कसं लिहून येतं ते शिकून घेतलं. मग ओसरीवर बसून त्यानं चेष्टेच्या एकेका व्हिडिओखाली बोलायला सुरुवात केली. मराठीत, कानडीत, आणि समजलं नाही म्हणून कुणी राहू नये यासाठी दखनीतसुद्धा. 'ही माझी लेक हाय. हिच्या हातची भज्जी खाल्ल्याबिगर हासू नका. वेळाअमावास्येला मंठाळला राघोबाच्या शेतात जेवायला या, वड्याच्या कडंला चिंचंचं झाड हाय.' तेच तेच किती वेळा लिहिणार म्हणून फोननंच शेवटी त्याला अडवलं, नाहीतर तो एकालाही सोडणार नव्हता.

अर्थात त्या आवतणाचीही चेष्टा झाली. 'चला रे, म्हाताऱ्याकडं जेवायला' असं म्हणत लोकांनी ते पुढं पाठवलं. आणि म्हणूनच आज हरिओमचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"मी कालच म्हनलो होतो, औंदा घरीच पूजा करू, दार लावून जेवू," तो आईला म्हणाला. "कोन टोळकं येईल, फोन घिऊन आंबीच्या म्होरं नाचंल. मग काय करायचं?"

वच्छलाबाई मुलाच्या बाजूची होती. दोन आठवडे ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं भाकरीची दुरडी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, की काही माणसांना म्हातारपणी सुद्धा शहाणपण येत नाही, त्याला पोरांनी काय करावं.

राघोबा कोपीवर जाडंभरडं चवाळं घालत होता. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"तुमी समद्यांनी तिला झाकायला बगितलं," तो म्हणाला. "माजी लेक काय चोरीचा माल हाय झाकायला? हासायचं आसंल तर जेवून हासा म्हनलोय मी. माजं अन्न पोटात पडल्यावर कितीजनाला हासू येतंय, बगू की."

"आनि आले म्हंजे?"

"आले तर वाडायचं. आजच्या दिवशी आजून काय करत्यात?"

हरिओम पाय आपटत विहिरीकडं निघून गेला. विजयश्रीला सासऱ्याचं पटत होतं आणि नवऱ्याची भीतीही पटत होती. तिनं अंबिकेकडं पाहिलं. अंबिका चुलीपुढं बसून भज्जीच्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती, ऐकलं न ऐकल्यासारखं.

तिनं सगळं ऐकलं होतं. गेले दोन आठवडे ती तेच ऐकत होती. आणि कुणाला सांगितलं नसलं तरी अप्पाच्या त्या खुळ्या आवतणानं तिला आतून मोठा आधार दिला होता. बाकीच्यांचं प्रेम तिला कळत होतं. वहिनी रात्रंदिवस झुरत होती, हरिओमअण्णा भांडायला तयार होता. पण सगळ्यांनी तिच्यासाठी आडोसा शोधला होता आणि अप्पानं मात्र घराचा पत्ता दिला होता. आपली लाज वाटत नाही असं जगात एक माणूस तरी आहे, हे कळल्यावर तिला त्या रात्री नीट झोप लागली होती. अप्पाला हे सांगावं असं तिला फार वाटत होतं. पण तोंड उघडलं की कानात तो दुसरा आवाज यायचा, बोटानं ओठ ओढून काढलेला, आणि शब्द परत आत जायचा. आज चार लोक येतील, त्यांना 'या, बसा, घ्या' म्हणावं लागेल. दरवर्षी तीच म्हणायची. मुक्यानं वाढलेलं अन्न पाहुण्याला गोड लागत नाही. आज बोलता आलं नाही तर मग कधीच येणार नाही, अशी भीती तिला सकाळपासून खात होती.

पहिली आली ती शेजारच्या शेतातली मंडळी. तात्याराव आपला सगळा गोतावळा घेऊन बांध ओलांडून आला. त्याच्या शेतात त्याची स्वतःची पूजा मांडलेली होती, भज्जी चुलीवर होती, तरी तो आधी इथं आला. त्याच्या तिन्ही भावांच्या हातात काठ्या होत्या. रानात साप फार झालेत, असं त्यानं कुणी न विचारता सांगितलं. मागून वरच्या अंगाच्या शेतातली गुरुबाई आपल्या सुना घेऊन आली आणि अंबिकेच्या शेजारीच बूड टेकून बसली. विहिरीवरून परत आलेल्या हरिओमनं ही गर्दी पाहिली आणि ती कशासाठी जमलीय ते त्याला समजलं. थंडीत साप कुठून निघायला? तो तात्यारावच्या जवळ गेला आणि तंबाखूची डबी त्याच्यापुढं धरली. शेताच्या बांधावरून गेल्या वर्षी या दोघांत बोलाचाली झाली होती. आज हरिओमच्या मनात आलं, आपण या माणसाला ओळखलंच नव्हतं.

पूजा झाली. राघोबानं घोंगडं पांघरून, आंबील शिंपडत कोपीभोवती फेऱ्या घातल्या, पोराटोरांनी मागून 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असा दरवर्षीचा गलका केला. पंगत बसली. रस्त्याकडं सगळ्यांचे डोळे होते, पण टोळकं काही आलं नाही. ज्यांनी हसायला म्हणून आवतण पुढं पाठवलं होतं ते आपापल्या घरी बसून दुसऱ्या कुणावर तरी हसत असावेत. हरिओमला हायसं वाटलं. राघोबाचा चेहरा मात्र थोडा उतरला. त्याला खरंच वाटत होतं, कुणीतरी येईल.

आणि मग ओढ्याच्या कडेनं एक मोटारसायकल हळूहळू येऊन चिंचेखाली थांबली. मागच्या सीटवरून इरकल नेसलेली, कपाळाला विभूती लावलेली एक बाई उतरली. तिनं चप्पल बांधावर काढली.

"राघोबाप्पांचं शेत हेच का, ओ?"

राघोबा फेटा सावरत उठला. "बर्री, बर्री. हेच. या, बसा."

बाईचं नाव मल्लम्मा. हुमनाबादकडच्या निर्णा गावची. घरचं किराणा दुकान, शेत पूर्वीच भावाभावांच्या वाटण्यांत गेलेलं. श्रावणात सासू वारली, म्हणून यंदा घरात सण नाही. "तुमचं आवतण फोनात वाचलाव," ती म्हणाली. "एवढं कोन बोलावतंय आजकाल? मनलं जाऊनच येऊ. ह्यो माजा ल्योक, मैश. येतो न्हाई मनायलता, म्या वडून आणले." मुलगा मोटारसायकलपाशीच उभा होता. आईनं दोनदा हाक मारल्यावर तो आला आणि पंगतीच्या टोकाला खाली मान घालून बसला.

विजयश्रीच्या हातातली पत्रावळ तिथंच थांबली. एकेक व्हिडिओ तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिला होता, तक्रारीसाठी. हा चेहरा ती विसरणं शक्य नव्हतं. पहिल्यांदा ओठ ओढून दाखवणारा हाच, त्या व्हिडिओत मागं कुठल्याशा दुकानातल्या मोबाइलच्या कव्हरांची भिंत होती. तिनं अंबिकेकडं पाहिलं आणि अंबिकेच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यावरून तिला कळलं, की तिनंही ओळखलंय.

विजयश्रीनं नवऱ्याच्या कानात सांगितलं. हरिओम ताडकन उठला. तात्यारावचे भाऊही काय झालं म्हणून उठू लागले. मल्लम्माला काहीच पत्ता नव्हता. ती कोपीतल्या पांडवांना हात जोडत होती.

हरिओम दोन पावलं गेला असेल, तेवढ्यात त्याचं मनगट कुणीतरी धरलं. त्याला वाटलं अप्पा. पण ती आई होती. कानात सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"बस खाली," वच्छलाबाई हळू म्हणाली.

"माय, ह्यानंच—"

"कळलंय मला. तुज्या अप्पानं बोलावलंय, आनि ते आलंय. पत्रावळीवर बसलेल्याला आपुन उटवत न्हाई. जेवू दे आदी."

दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिनं नवऱ्याकडं सरळ पाहिलं. राघोबाला यातलं काहीच समजलं नव्हतं. त्याच्या आनंदाला भरतं आलं होतं, एक का होईना पाहुणी आली होती, आणि तो मल्लम्माला यंदाची ज्वारी कशी आहे ते दाखवत होता. आपल्या या नवऱ्याला आपण उगीच छळलं, असं वच्छलाबाईच्या मनात आलं आणि तिला एकदम भरून आलं.

अंबिका पातेलं घेऊन वाढायला निघाली. पंगतीत येऊन बसलेल्या मल्लम्मापुढं ती वाकली, भज्जी वाढली. 'घ्या' हा एवढाच शब्द होता, पण तो आला नाही. ती पुढं सरकणार तोच मल्लम्मानं तिचा हात धरला.

"अक्का, तुमीच की त्या व्हिडिवातल्या. तुमच्याचसाटी आलाव मी."

टोकाला बसलेल्या मुलाची मान आणखी खाली गेली.

"आमच्या सासू, अत्त्या, अशीच भज्जी करायच्या," मल्लम्मा सांगू लागली. "कुनाला हात लावू दिईनात. त्या गेल्या, मी कुनाला इचारावं? एक दिवस बगितले, ह्यो मैश फोनात तुमालाच बगायलाय. दुसऱ्या दिवशी बी तुमालाच. सारकं, सारकं. आज्जीचा लई लाडका हो ह्यो. मला वाटलं, आज्जीच्या भज्जीसाटी जीव वडायलाय ह्याचा, तोंडानं सांगंना. मग म्याच फोन घेतलाव आनि बगून केलाव. पर दाने टणक ऱ्हायले बगा. तुमचं समदं कळतंय मला, शबुद शबुद. तेवडी चिंच कवा घालायची तिथं मागं कुनीतरी भांडं पाडलंय, तेवडंच आयकू आलं न्हाई. तेच इचारायला आलाव."

भांडं पाडणारी विजयश्री होती. तिनं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अंबिका वाकलेली होती तशीच राहिली. हजारो लोकांनी तिला ऐकलं होतं. त्यांतल्या कुणी तिच्या ओठाबद्दल लिहिलं, कुणी आवाजाबद्दल. ती काय सांगत होती हे ऐकणारी ही एकच बाई निघाली. शब्दन् शब्द कळतो म्हणाली. एका वाटीभर चिंचेसाठी निर्ण्याहून इथवर आली. अंबिकेला वाटलं, हिचे पाय धरावेत. मग वाटलं, नको, हिला तिनं विचारलंय ते सांगावं. ते देणं आधी.

"दाने शिजल्यावर," ती म्हणाली.

आवाज बसलेला होता, नाकातून येत होता, आणि बरेच दिवस न वापरल्यानं खरखरीत झाला होता. वच्छलाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. राघोबा मागं वळला.

"चिंच आदी घातली की दाने शिजत न्हाईत, टणक ऱ्हातात. दाने आदी बोटानं दाबून बगायचे. पार मऊ झाले की मग चिंचंचा कोळ. आनि त्याच्या मागून पीठ कालवून."

"आदी दाने, मग चिंच, मग पीठ," मल्लम्मा घोकू लागली. "दाबून बगायचे. बरं. आनि पाला?"

"पाला पिठाच्या आदी. लई शिजवायचा न्हाई."

राघोबानं फेट्याच्या शेवटानं डोळे पुसले आणि धूर फार झालाय म्हणाला. हरिओम खाली बसला होता. इतक्या दिवसांत आपण बहिणीसाठी काय काय केलं आणि त्यातलं काहीच कामाला आलं नाही, याचं त्याला आता वाईटही वाटत नव्हतं. ती बोलत होती. ज्या देवाला, ज्या माणसाला आभार पोचायचे त्याला ते पोचोत, असं तो मनात म्हणाला.

अंबिका पंगतीच्या टोकाला गेली. मुलाच्या पत्रावळीवर भज्जी तशीच होती. तिनं त्याच्या ग्लासात आंबील ओतली.

"घ्या की," ती म्हणाली. "निवून चाललंय."

त्यानं ग्लास दोन्ही हातांनी घेतला. वर पाहिलं नाही, पण जेवू लागला.

जेवणं उरकली तेव्हा मल्लम्मा पुन्हा अंबिकेजवळ आली. "माज्या ध्यानात ऱ्हाईल का न्हाई कुनाला ठाऊक. अक्का, पयल्यापासून येकडाव समदं सांगा की. मैश, ऊट. फोन काड. अक्का बोलतील ते नीट घे."

मुलगा बसल्या जागी थिजला. हरिओमची मान वळली. विजयश्री लगबगीनं पुढं झाली, म्हणाली, मी घेते, माझ्या फोनवर घेते.

"नको वहिनी," अंबिका म्हणाली. "त्याला घिऊ दे."

मैश उठला. त्यानं हात पँटला पुसले, फोन काढला आणि लांबच उभा राहिला. अंबिका चुलीपुढं तिच्या जागी बसली. या मुलाची आई हसत, कौतुकानं मुलाकडं पाहत होती. एका वाक्यानं ते हसू पुसता आलं असतं. अंबिकेनं मल्लम्माकडं पाहिलं आणि ते वाक्य गिळून टाकलं.

"जवळ या," ती त्याला म्हणाली. "एवड्या लांबून माजं बोलनं धरायचं न्हाई ते. हे तुमच्या आईसाटी हाय. तिच्यापाशीच ऱ्हावू द्या."

तो जवळ आला. "व्हय, अक्का," तो म्हणाला. त्याचाही आवाज नीट निघाला नाही.

मग अंबिकेनं हरभऱ्याचा पाला हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. न अडखळता, स्वतःच्या आवाजात, मल्लम्माला समजेल अशा बेतानं. मल्लम्मा एकेक गोष्टीला मान हलवत होती. मुलाच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण अंबिकेचं सगळं सांगून होईपर्यंत त्यानं फोनवरचा हात डोळे पुसायलासुद्धा काढला नाही.